मायस्थेनिया असताना कामात कसे राहावे आणि मन कसे सांभाळावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपले वय 36, गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती. वर्षभरापूर्वी नागपूरला मायस्थेनिया ग्रेव्हिस या, स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराचे निदान झाले आणि पायरिडोस्टिग्मिन (स्नायूंचा जोर काही तास वाढवणारे औषध) व स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत. सकाळी आपण बऱ्या असता. दुपार कलली की पापण्या उतरतात, आवाज नाकातून येऊ लागतो, हात वर धरवत नाहीत. शेतात जाणे जवळपास सुटले आहे आणि बचत गटाचे सचिवपदही आपण सोडून दिले आहे. काहींना हे सोंग वाटते. ज्यांना तसे वाटत नाही ते ‘मन घट्ट कर, सकारात्मक राहा’ एवढे सांगून मोकळे होतात. हे सकारात्मक राहणे नेमके करायचे कसे आणि अंथरूण न धरता कामात राहता येईल का, असे आपण विचारले आहे.

मी मज्जासंस्थेच्या रुग्णांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण वर्धा, यवतमाळ व अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांतले असतात. औषधे ठरवणे किंवा बदलणे हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टचे काम आहे; मी कामे, विश्रांती, व्यायाम, जेवणखाण आणि घरचे वातावरण एवढ्या हद्दीत बोलते. माझे मत आधीच सांगून टाकते. या आजारात आधी मनाला उभारी आणायची आणि मग कामाला लागायचे, हा क्रम चालत नाही. आधी दिवसाची आखणी शरीराच्या चालीवर बसवावी लागते, त्या आखणीत स्वतःचे म्हणून एखादे काम टिकवावे लागते, आणि मन बहुधा त्याच्या मागून येते. कधी ते तरीही येत नाही. तेव्हा त्यासाठी वेगळा उपचार घ्यावा लागतो, आणि तो घेण्यात कमीपणा नाही.

सोंगाच्या आरोपाबद्दल आधी लिहिते, कारण माझ्या पाहण्यात रुग्णाला आजारापेक्षा तोच जास्त खातो. मायस्थेनियात मेंदूचा हुकूम बरोबर निघतो आणि स्नायूही मुळात शाबूत असतो. बिघाड असतो तो दोहोंच्या सांध्यावर. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूवरच्या ठरावीक ग्राहकांवर (रिसेप्टरवर) जाऊन बसले की स्नायू आखडतो. बहुतेक रुग्णांत आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते आणि त्यांची संख्या घटवते. पहिल्या काही हालचाली त्यामुळे ठीक जमतात. पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की दर वेळी सुटणारे रसायन थोडे कमी होत जाते आणि उरलेले ग्राहक पुरे पडत नाहीत. थोडे थांबले की जोर परत येतो. लकवा झालेला हात सकाळी आणि संध्याकाळी सारखाच असतो, म्हणून गावाला तो कळतो. तासातासाला बदलणारा आजार गावाने पाहिलेला नसतो. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 मध्ये एका स्त्रीचे वर्णन केले आहे, जी बराच वेळ बोलली की तिची वाचा तास-दोन तास बंद पडत असे. म्हणजे ज्याला आपल्याकडे सोंग म्हणतात, त्याची लेखी नोंद साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे.

यातली एक गोष्ट डॉक्टरांच्या खोलीत फारशी बोलली जात नाही. हा आजार चेहऱ्याच्या स्नायूंनाही धरतो. ओठांचे कोपरे वर जात नाहीत, गाल सपाट राहतात, आणि मनापासून हसले तरी ते हसू समोरच्याला वैतागल्यासारखे किंवा दात विचकल्यासारखे दिसते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान किंचित पुढे झुकलेली, त्यात हसू न उमटणारा चेहरा. अशी बाई पाहिली की लोक समजतात, हिने हाय खाल्ली आहे. मग ‘जरा हसत जा’ असा उपदेश सुरू होतो. ताई, दुपारी चार वाजता आपल्याकडे जे हसू मागितले जाते, ते देणारा स्नायू त्या वेळी थकलेला असतो. त्यावरून आपल्या मनाची परीक्षा आपणही करू नका आणि इतरांनाही करू देऊ नका. घरच्यांना हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा : चेहऱ्यावरून ओळखू नका, विचारा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मान्य करते, कारण त्यावाचून पुढचा सल्ला धोक्याचा ठरेल. काहींचा आजार डोळ्यांपुरताच राहतो. काहींना गिळणे आणि श्वास यांचाही त्रास होतो. आपण बोलणे नाकात येते असे लिहिले आहे, म्हणजे घशाचे स्नायू गुंतलेले आहेत, त्यामुळे आपण थोडे अधिक सांभाळून राहायला हवे. प्रतिपिंडांचा प्रकार कोणता, छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस ग्रंथीची गाठ आहे का, स्टिरॉइडचा डोस सध्या चढता आहे की उतरता, यांवरही बरेच ठरते. थायमसच्या शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांनी काढला असेल, तर ऐकीव भीतीने तो टाळू नका. योग्य रुग्णांत तिचा फायदा होतो हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. आज फरक नाही म्हणून औषध लागू पडत नाही असे समजू नका. खाली जे लिहिते आहे, ते आजार औषधांनी बऱ्यापैकी स्थिर झाला आहे असे धरून लिहिते.

दिवसाची आखणी पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीभोवती बांधायची असते. या गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. आपल्याकडे कृषिपंपाची वीज ठरलेल्या वेळीच येते आणि ओलिताचा सगळा हिशेब शेतकरी त्या वेळेला जुळवून घेतो. वीज नाही तेव्हा पंपापाशी उभे राहून जीव जाळण्यात अर्थ नसतो, हे कोणाला शिकवावे लागत नाही. जोराचेही तसेच करावे. सलग काही दिवस एका वहीत गोळीची वेळ, पापणी कधी उतरली, आवाज कधी बदलला आणि त्याआधी कोणते काम चालले होते, एवढेच लिहा. आपले जोराचे तास कोणते, हे त्या वहीतून दिसेल आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाही त्याचा खूप उपयोग होईल. गोळीचे प्रमाण मात्र मनाने वाढवू नका. जास्त झालेल्या गोळीनेही लाळ, जुलाब, पोटात कळा आणि उलट अशक्तपणा येतो.

जोराच्या तासांत कोणती कामे ठेवायची, हे ठरवताना कामाचे नाव पाहू नये, त्यात हात किती वेळ वर राहतो ते पाहावे. भाकरी थापण्यात तेवढा धोका नाही जेवढा धुणे उंच दोरीवर वाळत घालण्यात आहे. एका रुग्णाच्या अंगणात मी दोरी छातीच्या उंचीवर बांधायला सांगितली होती. साडी दोरीवर टाकताना तिचे कोपर आता खांद्याच्या खालीच राहते, आणि ज्या कामानंतर तिला पडून राहावे लागत असे, ते काम तिच्या दिवसातून कष्टाचे म्हणून गळालेच. वेणी घालताना कोपर टेबलावर किंवा मांडलेल्या उशीवर टेकवा. भाकरी उभ्याने ओट्यावर थापत असाल, तर उंच स्टुलावर बसा आणि दोन-तीन भाकरींनंतर हात मांडीवर सोडून थोडे थांबा. भरलेला हंडा कमरेवर घेण्याऐवजी अर्ध्या बादल्या दोन खेपांत न्या. थकवा येईपर्यंत काम करून मग झोपून राहणे आणि थकवा येण्याआधी थांबून पुन्हा उठणे, या दोन्हींत दिवसभराचे काम पाहिले तर दुसऱ्या रीतीने अधिक होते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला आधी थांबणे आळसाचे वाटते; ते औषधाचाच भाग आहे असे समजून करावे लागते.

जेवणाकडे वेगळे लक्ष द्या. चावणे हेदेखील स्नायूंचे काम आहे आणि ज्वारीची कडक भाकर शेवटच्या घासापर्यंत जबडा थकवते. मुख्य जेवण गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने, जोर असताना करा. भाकर वरणात किंवा दुधात चुरून घ्या, आणि रात्रीसाठी ताकातल्या कण्या, मऊ भात, आंबील असे पदार्थ ठेवा. घास गिळताना हनुवटी किंचित खाली छातीकडे घ्या आणि जेवताना बोलू नका. पातळ पाण्याने ठसका लागत असेल किंवा पाणी नाकातून येत असेल, तर त्या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. उपवासाबद्दलही स्पष्ट बोलते, कारण श्रावण आणि हरितालिकेच्या दिवसांत हा प्रश्न दर वर्षी येतो. पायरिडोस्टिग्मिन आणि स्टिरॉइड एकही दिवस चुकवायचे नाही, आणि त्या गोळ्या पोटात काहीतरी असताना घ्यायच्या असतात. निर्जळी उपवास त्यात बसत नाही. स्टिरॉइड अचानक बंद केले तर जिवावर बेतू शकते. सासूबाईंना हे आपण सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून सांगवले तर अधिक सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

व्यायामाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात : एक म्हणजे अजिबात हलू नका, दुसरे म्हणजे व्यायामाने जोर वाढवा. आजार स्थिर असताना हलका ते मध्यम व्यायाम सुरक्षित असतो आणि तो केलाच पाहिजे, कारण निव्वळ पडून राहिल्याने जे स्नायू आजाराने धरलेले नाहीत तेही सुटत जातात, शिवाय स्टिरॉइडने वजन वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. सकाळच्या गोळीचा अंमल चढल्यावर सपाट वाटेने चालणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पाच मिनिटे चालून बसणे, पुन्हा पाच मिनिटे चालणे, असे सुरू करा आणि आठवड्यागणिक थोडे वाढवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, थोड्या वेळा, मग विश्रांती, पुन्हा थोड्या वेळा. माझा ठोकताळा असा आहे की व्यायामानंतरचा थकवा दोन तासांत उतरला नाही, तर त्या दिवशीचा व्यायाम जास्त झाला. दुसऱ्या दिवशी तो कमी करायचा, बंद करायचा नाही. सर्दी-ताप असेल, पाळीच्या दिवसांत त्रास वाढत असेल किंवा स्टिरॉइड नुकतेच सुरू झाले अथवा वाढवले असेल, तर व्यायाम थांबवून फक्त घरातल्या घरात हिंडणे पुरे.

ऊन हा आपल्या भागातला या आजाराचा मोठा वैरी आहे. उष्णतेने नस आणि स्नायू यांच्यातला संदेश आणखी कमजोर होतो. थंडाव्याने तो सुधारतो. म्हणूनच उतरलेल्या पापणीवर काही मिनिटे बर्फ ठेवून ती वर येते का, हे डॉक्टर तपासणीत पाहतात. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि नवतपात तर धडधाकट माणूस दुपारी बाहेर पडत नाही. या दिवसांत बाहेरची कामे सूर्य चढण्याआधी आटोपा, दुपारी कूलरसमोर पडून राहा, आणि वीज गेली तर ओला दुपट्टा मानेवर व डोक्यावर घ्या. बसने नागपूरला तपासणीला जायचे असेल, तर दुपारची गाडी टाळा. चुलीच्या धगीसमोर बराच वेळ बसणेही यातच मोडते. उन्हाळ्यात चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी.

शेताबद्दल आपण विशेष विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. कापूस वेचणीत मान सतत खाली असते, दोन्ही हात छातीसमोर चालत राहतात आणि कमरेच्या ओटीचे वजन वाढत जाते. हे तिन्ही मायस्थेनियाच्या स्नायूंना नेमके नको असलेले आहे. किलोवर मजुरी असल्याने थांबणेही परवडत नाही. दुसऱ्याच्या शेतातली वेचणी म्हणून बंद करा, पण घरच्या शेतात सकाळी तासभर, ओटी अर्धी भरली की रिकामी करत, दोन सऱ्यांनंतर बांधावर बसत वेचायला आजार स्थिर असताना हरकत नाही. सोयाबीन सोंगण्यात हातात विळा असतो. एकाचे दोन दिसत असतील, त्या दिवशी विळ्याला हात लावू नका. दुहेरी दिसण्यावर एका डोळ्यावर पट्टी बांधून, डोळे आलटून पालटून झाकून काम भागते, पण अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून सांजवेळी बांधावरून एकटीने चालणे टाळा.

फवारणीच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व शेतमजुरांना झालेल्या विषबाधा आणि त्यातले मृत्यू आपल्याला माहीत आहेत. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके शरीरातल्या ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या ज्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात, त्याच विकराला आपली पायरिडोस्टिग्मिनची गोळी मोजक्या प्रमाणात आवरून धरते. म्हणजे गोळी चालू असताना फवाऱ्याचा थोडा अंशही अंगात गेला, तर दोन्हींचा परिणाम एकावर एक चढतो, आणि लाळ, जुलाब, घाम, अशक्तपणा ही लक्षणे आजाराची की विषाची, हे डॉक्टरांनाही लवकर उमगत नाही. फवारणी करू नका, द्रावण कालवू नका, फवारणीचे कपडे धुऊ नका, आणि ताज्या फवारलेल्या शेतात निंदायला किंवा वेचायला उतरू नका.

दुसरा धोका गावातल्याच दवाखान्यात असतो. ताप आला की सुई आणि अंगात कणकण आली की सलाईन, ही आपल्याकडची रीत आहे, आणि त्या सुईत जेंटामायसिन किंवा अमिकासिन असले तर मायस्थेनियाच्या रुग्णाचा श्वास थांबण्यापर्यंत वेळ येऊ शकते. जुलाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन व ओफ्लॉक्सासिन या गोळ्या, घशासाठी दिली जाणारी ॲझिथ्रोमायसिन, हिवतापावरची क्विनाईन व क्लोरोक्विन, धडधडीवरची प्रोप्रॅनोलॉल आणि शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम हीदेखील आजार वाढवू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांवर अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 मध्ये मायस्थेनियासाठी ठळक इशारा छापायला लावला. यातले एखादे औषध कधीच देत नाहीत असे नाही. दुसरा इलाज नसेल तर रुग्णालयात लक्ष ठेवून देतात. पण हा निर्णय गावातल्या दवाखान्याच्या टेबलावर व्हायला नको. न्यूरॉलॉजिस्टकडून ही यादी त्यांच्या सही-शिक्क्याने कागदावर घ्या, लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवा, एक प्रत गावातल्या डॉक्टरांना आणि एक आशाताईंना द्या. बहुतेक डॉक्टरांना हा आजार पुस्तकातच भेटलेला असतो, त्यामुळे कागद पाहून ते रागावत नाहीत, उलट त्यांची जबाबदारी हलकी होते. गोळ्यांचा साठा निदान पंधरा दिवसांचा जास्तीचा ठेवा. पायरिडोस्टिग्मिन खेड्यातल्या मेडिकलमध्ये ऐन वेळी मिळेलच असे नाही आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो.

श्वासाचा अंदाज घरी घेण्याची एक सोपी रीत आहे. रोज एकाच वेळी, ताठ बसून, खोल श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात मोठ्याने, सारख्या लयीत एक, दोन, तीन असे मोजत जा. श्वास संपेल तो आकडा वहीत लिहा. आपला नेहमीचा आकडा कळला की तो घसरू लागल्याचेही कळते. आकडा घसरतो आहे, सपाट झोपले की गुदमरते आहे, वाक्य मध्येच तुटते आहे, लाळही गिळवत नाही किंवा मान सावरत नाही, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. जिथे अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे अशाच ठिकाणी जायचे : यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. कुठे जायचे, गाडी कोणाची, सोबत कोण, हे आजच ठरवून ठेवा. ही तयारी भीती वाढवते असे घरच्यांना वाटते; माझ्या पाहण्यात रुग्णाची रात्रीची झोप तिने सुधारते.

आता मनाविषयी. आपण लिहिले आहे की पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते आणि दिवसा उगाच रडू येते. यातला काही भाग स्टिरॉइडचा असू शकतो. या औषधाने झोप उडते, चिडचिड होते, कधी उदासी येते, कधी विनाकारण उत्साह चढतो. गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर घेत नसाल, तर वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका, कारण त्यांतल्या अनेक गोळ्या श्वास मंदावतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते ‘सकारात्मक नसणे’ नव्हे, तो उपचार होणारा आजार आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर केव्हाही मराठीत बोलता येते. तिथेही मायस्थेनिया असल्याचे आधी सांगा.

उरलेला भाग मात्र औषधाचा नाही, तो हातातून गेलेल्या कामाचा आहे. ज्या बाईवर कालपर्यंत घरातली माणसे, जनावरे आणि गटातल्या बायका अवलंबून होत्या, तिला ‘तू बस, आम्ही करतो’ असे रोज ऐकवले की तिचे मन खचते, आणि ऐकवणाऱ्याचा हेतू चांगला असल्याने तिला तक्रारही करता येत नाही. म्हणून मी रुग्णांना कामांची संख्या वाढवायला सांगत नाही. एक असे काम राखायला सांगते, जे त्यांनी केले नाही तर अडेल. आपल्या बाबतीत ते काम बचत गटाचे आहे असे मला वाटते. सचिवपद सोडण्याचे कारण आपण बैठकीत बोलवत नाही असे दिले आहे. बैठक संध्याकाळी होत असेल, तर ती सकाळी आपल्या जोराच्या तासात घेता येईल का, हे गटाला विचारा. नाहीच जमले तर ठराव वाचून दाखवणे दुसरीकडे द्या आणि हिशेब, बँकेची पासबुके व कर्जफेडीची नोंद आपल्याकडे ठेवा. हे बसून करायचे काम आहे, तुकड्यातुकड्याने करता येते, आणि त्यात चूक झाली तर चौदा-पंधरा घरांना कळते. असे काम असलेली बाई आजारातही आजारी म्हणून ओळखली जात नाही, सचिव म्हणूनच ओळखली जाते. पाहुण्यांना चहा करणे किंवा पडल्या पडल्या जप करणे यांनी हे साधत नाही, मग ते कितीही सोपे असो.

घरच्यांसाठी एवढेच : आपले यजमान आणि आठवीतला मुलगा यांना एकदा तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या समोर त्यांचे प्रश्न त्यांना विचारू द्या. घरात एक खूण ठरवा. आपण कपाळावर हात ठेवला की आवाज संपला आहे, आता हो-नाहीच्याच प्रश्नांची उत्तरे मिळतील. मुले ही खूण लवकर उचलतात. गावातल्या शंकेखोरांना समजावण्यात आपला आवाज खर्च करू नका; तो मुलाचा अभ्यास घ्यायला लागेल.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मायस्थेनियाचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे प्रमाणपत्र मिळेलच असे सांगता येत नाही. कायमस्वरूपी दुर्बलता किती, हे वैद्यकीय मंडळ तपासून ठरवते. रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार त्या लॅमिनेट केलेल्या कागदासोबतच ठेवा.

पुढचे अधिक नेमके सांगायला मला तीन गोष्टी हव्या आहेत : गोळ्यांच्या सध्याच्या वेळा, रात्री सपाट झोपता येते की उशा लागतात, आणि गटाची बैठक कोणत्या वारी व किती वाजता असते. ही माहिती आणि आठवडाभराची वही हाती आली की दसऱ्यानंतरच्या वेचणीच्या दिवसांसाठी सकाळची आखणी आपल्याला तासावार लिहून देता येईल. तोवर चालणे सुरू करा आणि औषधांची ती यादी डॉक्टरांकडून मागवून घ्या.